बारा नारळ आणि दोन पानं

भाषाविज्ञानाच्या परदेशी परिषदांना अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायची मुदत आमच्या एचएसआर लेआउटमध्ये संध्याकाळी साडेपाचला संपते. घोषणेत लिहिलेलं असतं: अमुक तारीख, रात्री ११:५९, 'एनीव्हेअर ऑन अर्थ'. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर कुठेही ती तारीख शिल्लक आहे तोवर पाठवा. ती सगळ्यात शेवटी मावळते पॅसिफिकमधल्या बेकर आणि हाउलंड बेटांवर, आणि तिथे माणूस राहत नाही. त्या ओसाड बेटांवर मध्यरात्र होते तेव्हा बेंगळुरूत दुसऱ्या दिवसाचे साडेपाच वाजत आलेले असतात, २७व्या मेनवर दुचाक्या खोळंबलेल्या असतात, आणि माझ्यासारखा एखादा पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरून स्वतःचं नाव पुसत बसलेला असतो.

नाव पुसणं हा या प्रकारातला कळीचा भाग. बाकी नियम साधे आहेत. ए-फोर आकाराची दोन पानं, चारी बाजूंना इंचभर समास, बारा पॉइंटचा टाइप. नाव नाही, संस्था नाही, 'मी पूर्वी दाखवल्याप्रमाणे' हेसुद्धा नाही, कारण त्यावरून माणूस ओळखू येतो. एकाला एक स्वतःचा आणि एक कुणाबरोबरचा, असे दोनच अ‍ॅबस्ट्रॅक्ट. ते दोनतीन अनोळखी परीक्षकांकडे जातात आणि ते उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत गुण देतात. मग दोनेक महिन्यांनी मेल येतो. 'वी रिग्रेट' हे शब्द दिसले की पुढचं वाचायचं कारण उरत नाही, तरी आपण वाचतोच.

मी बेळगावचा. पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकलो आणि आता एचएसआरमधल्या एका कंपनीत यंत्राला शिकवायची मराठी वाक्यं तपासतो. हॉसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधली जागा म्हणून एचएसआर. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली ही वसाहत आता घरांच्या तळमजल्यावर चालणाऱ्या कंपन्यांनी भरली आहे. इथे भाषेवर पोट भरणारी माणसं पुष्कळ. विद्यापीठाचा पत्ता असणारी मात्र थोडी. अर्जातल्या 'संस्था' या चौकोनात मी 'स्वतंत्र' असं टाकतो आणि पुढे जातो. तो चौकोन परीक्षकाला दिसत नाही, एवढ्यावर माझं सगळं चाललेलं आहे. म्हणूनच मला प्रश्न पडला की हा चौकोन झाकायची चाल निघायच्या आधी, विद्वानांच्या सभेत बोलायचा हक्क माणसाला मिळायचा कसा?

बेंगळुरूपुरतं बोलायचं तर या गोष्टीचा एक फार जुना आणि फार मजेचा दाखला आहे. १६३८नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. हे काय म्हणून विचारल्यावर उत्तर दिलं की मला बारा भाषांत कविता करता येते. या जयरामाचं 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाड्यांनी शोधून १९२२ साली लांबलचक प्रस्तावनेसह छापलं. त्याच्या शेवटाकडे दरबारातल्या नाना भाषांतल्या कवींची कवनं आहेत. मला त्यातला नारळांचा हिशेब आवडतो. काय करून दाखवणार ते आधी थोडक्यात मांडायचं आणि मग ऐकणाऱ्याने संधी द्यायची. अ‍ॅबस्ट्रॅक्ट दुसरं काय करतो? फरक एवढाच की जयराम समोर उभा होता, आणि समोर उभं राहायला आधी कुणीतरी आत सोडावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात हे आत सोडणं पत्राने होई. युरोपातल्या प्राच्यविद्यापंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ साली पॅरिसला भरली, दुसरी १८७४ साली लंडनला. लंडनचं निमंत्रण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मुंबईत आलं. घरच्या अडचणीमुळे त्यांना जाता आलं नाही, तेव्हा त्यांनी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवून दिला आणि तो परिषदेच्या वृत्तांतात छापला गेला. आधी सार पाठवा, मग बघू, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. भांडारकर कोण हे लंडनला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेला ते स्वतः गेले, तेही मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून. याच व्हिएन्नाच्या परिषदेने हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी करावी असा ठराव केला. त्यातूनच पुढे ग्रिअर्सनचं भाषा-सर्वेक्षण उभं राहिलं. त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि तो तयार केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी. ज्यांच्या बोली त्यात नमुन्यादाखल छापल्या त्यांच्यापैकी कुणाला व्हिएन्नाचं निमंत्रण जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पुण्यात याच्या उलट एक रीत होती आणि ती मला जास्त जवळची वाटते. राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. मंडळाच्या सभांमध्ये टिपणं मराठीत वाचली जायची. एखाद्याला एक सनद सापडली, एक ताम्रपट सापडला, तर तेवढ्यावरचं लहानसं टिपण तो वाचे आणि ते इतिवृत्तात छापलं जाई. वाचणाऱ्याकडे पदवी असेच असं नाही, कागद मात्र असायला हवा. इंग्रजीत लिहायचं नाही हा राजवाड्यांचा बाणा प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरण त्यांनी १९०९ साली मराठीतच लिहिलं. त्यांच्या व्युत्पत्त्यांपैकी बऱ्याच आज टिकत नाहीत, ते सोडा. पण आपल्या भाषेवरचं नवं काही आपल्या भाषेत, चार जाणत्यांपुढे, चार पानांत मांडायचं हा शिरस्ता त्यांनी पाडला होता.

तिकडे भांडारकर संस्थेने १९१९च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरवली. अध्यक्ष अर्थातच भांडारकर. पुढे या परिषदांमधून निबंधांच्या सारांशांची छापील पुस्तकं निघू लागली. आपल्याकडे विद्वानांना 'सार पाठवा' म्हणून सांगायची सवय बहुधा इथे रुळली. १९२८ साली याच परिषदेचं पाचवं अधिवेशन लाहोरला झालं. तिथे भाषाविज्ञानवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडली, तीच लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया. तिचं ठाणं नंतर पुण्याला, डेक्कन कॉलेजात आलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉलंडातल्या हेग शहरी भाषावैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या चालकांनी प्रश्न आधीच कळवले आणि लेखी उत्तरं मागवली. त्यातलं एक उत्तर रोमान याकबसन यांनी लिहिलं आणि त्रुबेत्स्कॉय व कार्त्सेव्स्की यांनी त्याखाली सह्या केल्या. आधुनिक स्वनिमविचाराची सुरुवात सांगताना त्या छोट्या मजकुराचं नाव आजही निघतं. आधी पाठवलेल्या थोडक्या लिखाणाने आख्खा विषय हलवल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सह्या मात्र ठसठशीत होत्या.

स्वातंत्र्यानंतर दार उघडायचं काम पैशाने केलं. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी भाषाविज्ञानाच्या शिबिरांचा धडाका लावला. अमेरिकेतले तरुण पुण्याला आले, इथले तरुण तिकडे गेले. अशोक केळकर कॉर्नेलला गेले आणि १९५८ साली मराठीची स्वनव्यवस्था आणि रूपव्यवस्था या विषयावर पीएचडी करून आले. विल्यम ब्राइट यांचं बोलीतल्या कन्नडाचं व्याकरणही त्याच वर्षी निघालं आणि ते छापलं पुण्यात, डेक्कन कॉलेजानेच. बेंगळुरूत राहून पुण्याशी नातं सांगताना मी हे पुस्तक पुढे करतो. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली, ती थेट दक्षिण कानडा, कोचीन आणि कासरगोडपर्यंत. त्या मालिकेचे खंड आजही उघडावेत असे आहेत. या सगळ्या काळात कोण कुठे बोलणार हे ठरे ते गुरूच्या शब्दाने, शिफारशीने. गुरू चांगले होते म्हणून निभावलं.

मराठीच्या वाट्याला जागतिक व्यासपीठावर आलेला सगळ्यात मोठा मान याच निमंत्रणाच्या जमान्यातला आहे. १९६८ साली जमैकातल्या मोना इथे, वेस्ट इंडीज विद्यापीठात, सरमिसळीतून जन्मलेल्या भाषांवर एक परिषद भरली. तिच्यातून डेल हाइम्स यांनी संपादलेलं पुस्तक १९७१ साली आलं. त्यात दोन लेख मराठीच्या अंगणातले आहेत. एक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, सांगलीजवळच्या कुपवाडवरचा. कानडी बोलणारे जैन आणि लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे दलित, असं हे गाव. शतकानुशतकं शेजारी राहून तिथल्या भाषांची वाक्यरचना इतकी जुळत गेली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाखाली शब्द ठेवून फिरवता येतं, असं लेखकांचं म्हणणं. दुसरा लेख फ्रँकलिन साउथवर्थ यांचा. त्यांनी शंका घेतली ती खुद्द मराठीच्या कुळाबद्दल. आर्य आणि द्राविड भाषा बोलणाऱ्या लोकांच्या व्यवहारातून तयार झालेल्या मिश्र बोलीचा वारसा मराठीत असावा, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे हे ऐकून अजूनही काही भुवया वर जातात.

कुपवाड तेव्हा खेडं होतं, आता सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे. डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी चाळीस वर्षांनंतर पुन्हा तिथे गेल्या आणि त्या गाजलेल्या निष्कर्षाची त्यांनी बारकाईने झाडाझडती घेतली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलेल्या गावाकडे परत जाऊन 'खरंच असं आहे का' म्हणून विचारायला धीर लागतो.

नाव झाकायची रीत आली अमेरिकेतल्या परिषदांमधून. शिकागोची वार्षिक सभा १९६५पासून, ईशान्य अमेरिकेतली नेल्स ही १९७०पासून. या सभा विद्यार्थ्यांनी चालवलेल्या, आणि पाठवणारेही बरेचसे विद्यार्थीच. मोठ्या नावांपुढे आपला निभाव लागायचा तर नावं झाकलेली बरी, हे त्यांना न कळतं तरच नवल. ई-मेलच्या आधी हा कारभार टपालाने चालायचा. निनावी गोषवाऱ्याच्या दहाएक प्रती करायच्या, सोबत तीन बाय पाच इंचाचं एक कार्ड जोडायचं, आणि नाव, पत्ता, संस्था फक्त त्या कार्डावर. कार्ड एकाच्या हाती, प्रती दुसऱ्यांच्या हाती. एवढ्याशा पुठ्ठ्याने भांडारकरांच्या काळापासूनची रीत मोडली. आमच्या एका सरांनी ही कार्डं स्टेशनरीवाल्याकडून कापून घेतल्याची आठवण सांगितली होती. पुण्याहून एअरमेलने दहा प्रती पाठवायच्या म्हणजे पोस्टाचाच खर्च अंगावर येई, म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंना छापत. २००२ साली मँचेस्टरमध्ये आंद्रेई वोरोन्कोव्ह यांनी ईझीचेअर ही अ‍ॅबस्ट्रॅक्ट गोळा करायची प्रणाली तयार केली आणि टपाल हळूहळू संपलं. कार्ड गेलं, चौकोन आला.

आता त्या दोन पानांत काय मावतं ते सांगतो. आगर तलावाच्या बाजूला एका शिंप्याचं दुकान आहे. गृहस्थ भावसार, घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूच्या जुन्या पेठेतलं, घरात मराठी. मी पहिल्यांदा मराठीत बोललो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी पुण्याकडचे काय?" बेळगावचा म्हटल्यावर म्हणाले, "मग आमचेच की." मी त्यांना मामा म्हणतो. एकदा बायकोच्या ब्लाउजबद्दल विचारलं तर मामा म्हणाले, "चोळी कालच शिवलो. आज देतो म्हणून सांगितलो होतो की."

पुण्यात हे वाक्य 'चोळी कालच शिवली' असं होईल. क्रियापद चोळीकडे बघतं, चोळी स्त्रीलिंगी म्हणून शिवली. मामांचं क्रियापद चोळीकडे ढुंकूनही बघत नाही, ते शिवणाऱ्याकडे बघतं. कन्नडात 'नानु रविके होलिदे' म्हणतात तेव्हाही क्रियापद 'नानु'शी, म्हणजे 'मी'शी जुळतं. दुसऱ्या वाक्यातही तेच. पुणेकर बहुधा 'मी सांगितलं होतं की आज देतो' म्हणेल, मामा बोलणं आधी ठेवून मागून 'म्हणून' लावतात, जसं कन्नडात 'अंत' लावतात. बेळगाव, चंदगड, गडहिंग्लजकडे असं सर्रास ऐकू येतं. मीही लहानपणी 'अभ्यास केलो' म्हणत होतो. पुण्यात पहिल्याच आठवड्यात वर्ग हसला. पुढच्या वर्षी त्याच वर्गात आम्हाला शिकवलं की जगात याला कर्त्याशी अन्विती म्हणतात आणि त्यावर लोक प्रबंध लिहितात.

हे अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये बसवायचं तर मामांचं एक वाक्य तीन ओळींत लिहावं लागतं. पहिल्या ओळीत रोमन लिपीत मामांचे शब्द. दुसरीत लाइप्झिगच्या नियमांप्रमाणे प्रत्येक तुकड्याखाली त्याचं काम: भूतकाळ, प्रथमपुरुष, एकवचन, पुल्लिंग. तिसरीत इंग्रजी अर्थ. अशी चार वाक्यं मांडली की अर्धं पान गेलं. उरलेल्या दीड पानात आधी हा प्रश्न जगाला का पडावा ते सांगायचं, मग आजवर कोण काय म्हणालं, मग माझं म्हणणं, मग त्यावर येऊ शकणारा आक्षेप आणि त्याचं उत्तर. मामांची पेठ, त्यांचं घराणं, गिऱ्हाइकांशी ते दिवसभर किती भाषांत बोलतात, यातलं काहीही मावत नाही. परीक्षकाला विचारायचं असतं ते एवढंच की तुमच्या उदाहरणाने चालू वादात कुणाची बाजू हलते? घाटगे यांचे खंड आज कुणी अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणून पाठवले असते तर 'वर्णन चांगलं आहे, पण दावा कोणता?' असा शेरा येऊन परत आले असते. हा तोटा खरा आहे आणि तो लहान नाही.

तरी माझा कौल झाकलेल्या नावालाच. निमंत्रणाच्या जमान्यात मामांचं वाक्य परिषदेत पोचायला आधी एखादा गम्पर्झ एचएसआरला यावा लागला असता. आज ते माझ्या भाड्याच्या खोलीतून जातं आणि कॉर्नेलच्या प्राध्यापकाच्या वाक्याशेजारी त्याच टाइपात, त्याच समासात बसतं. निवड झाल्यावर मात्र नाव परत येतं, आणि नावाबरोबर पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीची फी, विमानाचं तिकीट. तिथे कुणी काही झाकत नाही. गोषवारा मंजूर झालेला आणि माणूस घरीच, असं आपल्याकडे बऱ्याच जणांचं झालेलं आहे. भांडारकरांचा निबंधही १८७४ साली एकटाच लंडनला गेला होता, हीच काय ती सोबत.

आणि मराठीत काय चाललंय? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुण जोडले, एपीआय नावाचे. परिषदेत निबंध वाचला की गुण. त्यानंतर महाराष्ट्रात चर्चासत्रांचं पीक आलं. तिथेही अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागवतात, पण फी भरली की तो सहसा संध्याकाळपर्यंत मंजूर होतो. तो कुणी वाचत नाही, म्हणून कुणी नीट लिहीतही नाही. दोनशे शब्द, त्यात 'प्रस्तुत शोधनिबंधात' तीन वेळा, आणि एकही उदाहरण नाही. असले कागद बघितले की मला उणे तीन गुण देणारा तो अनोळखी परीक्षक सज्जन वाटायला लागतो. त्याने निदान वाचलेलं असतं.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन, लोकांना बोलतं करून सामग्री गोळा झाली आहे. त्यावर इंग्रजीत दोन पानं लिहिणारे निघतील, निघावेतच. माझी विनंती मराठी विभागांना आहे. वर्षातून एक परिषद अशी करा की दोन पानं मराठीत, देवनागरीत, निनावी मागवा. फी निवड झाल्यावरच घ्या, आणि विद्यार्थी, शिक्षक, शिंपी, कुणाचीही नोंद चालेल असं घोषणेत छापा. परीक्षक हवे असतील तर मला कळवा. एचएसआरमध्ये संध्याकाळी साडेपाचनंतर मी मोकळा असतो.